लोकांची आवड आणि आवडीचे राखणदार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सभेआधी कलापथकाची गाणी असली की मैदान भरते आणि वक्ता उभा राहिला की मागच्या रांगा विरळ होऊ लागतात, हा अनुभव चळवळीतील कोणत्याही कार्यकर्त्याला नवा नाही. त्यातून निघणारी तक्रारही तितकीच जुनी आहे. लोकांची अभिरुची बिघडली, सिनेमाने तरुणांचा घात केला, पूर्वी अशी गाणी नव्हती, असे शिबिरातील चहाच्या वेळी हमखास ऐकू येते. हे एक मत झाले. अलीकडे दुसरे एक मत अधिक प्रतिष्ठा पावले आहे. लोकांना जे आवडते तेच लोकांचे, त्यावर टीका करणे हा अभिजनांचा उद्धटपणा होय, असे ते मत आहे. पहिले मत मांडणारा विचारवंत ठरतो, दुसरे मांडणारा लोकाभिमुख ठरतो. दोन्ही मते बाळगायला सोयीची आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. असे म्हटले म्हणजे दोन्हीकडचे श्रोते नाराज होतात. परंतु अभ्यासवर्ग काही श्रोत्यांची मर्जी राखण्यासाठी भरत नाहीत.

अभिरुचीची चर्चा हवेत केली तर ती चार सुभाषितांवर संपते. म्हणून या देशात प्रत्यक्ष घडलेले एक प्रकरण तपासणे बरे.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत ते खाते त्यांच्याकडे राहिले. गृहस्थ पुण्यात जन्मलेले, फ्रान्समध्ये शिकून आलेले आणि हिंदुस्थानी संगीताचे खरेखुरे जाणकार. चित्रपटगीते त्यांना उथळ वाटत, परक्या चालींची भेसळ वाटत, आणि नव्या स्वतंत्र राष्ट्राचा कान त्यांवर घडावा हे त्यांना मान्य नव्हते. देशात नभोवाणी होती ती एकट्या सरकारची. तेव्हा मंत्र्याला जे मान्य नव्हते ते ऐकू न येण्याची व्यवस्था करणे अवघड नव्हते.

याला लोक ‘चित्रपटगीतांवरील बंदी’ म्हणतात. वस्तुतः ती एका हुकमाने आलेली बंदी नव्हती. आधी या गीतांचा वेळ कमी करण्यात आला. मग कोणती गाणी लावायची हे निवडण्याचा अधिकार खात्याने आपल्याकडे घेतला. चित्रपटाचे नाव सांगणे ही त्याची फुकट जाहिरात होय, असे ठरवून केवळ गायकाचे नाव जाहीर करण्याची पद्धत आणली. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. परिणाम एकच झाला: आकाशवाणीवरून चित्रपटगीत नाहीसे झाले.

लोकांनी काय करावे? मोर्चा काढला नाही, निवेदन दिले नाही. त्यांनी रेडिओची खुंटी फिरवली. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी श्रीलंकेत उभारलेले लघुलहरींचे शक्तिशाली प्रक्षेपक तेव्हाच्या रेडिओ सिलोनच्या हाती आलेले होते. त्याच वर्षी ३ डिसेंबरच्या बुधवारी त्या केंद्रावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांचा आवाज दर बुधवारी रात्री घराघरात, आणि त्याहूनही अधिक हॉटेलांत व पानाच्या गादीपाशी, पोहोचू लागला. रेडिओ बाळगण्यास तेव्हा सरकारी परवाना लागे आणि यंत्रही महाग असे. म्हणून एका यंत्राभोवती अख्खी आळी जमे. गंमत अशी की गाणी मुंबईत तयार होत, कार्यक्रमही मुंबईतच ध्वनिमुद्रित होई, ती फीत विमानाने कोलंबोला जाई, आणि गिरणगावातील माणूस आपल्या घरापासून दोन मैलांवर गायलेले गाणे समुद्रापलीकडून ऐके.

पाच वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. केसकर तेव्हाही मंत्री होतेच, आणि कार्यक्रमाची धुरा पंडित नरेंद्र शर्मा या कवीकडे होती, ज्यांनी स्वतः चित्रपटांसाठी गीते लिहिली होती.

येथवरची गोष्ट आनंदाने सांगितली जाते. केसकर हे त्यातले हास्यास्पद पात्र असते आणि जनता विजयी होते. परंतु एक अप्रिय गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. केसकरांचे सगळेच चूक नव्हते. संस्थाने विलीन झाली तेव्हा दरबारांच्या आश्रयावर जगणाऱ्या गवयांचे आणि वादकांचे अन्न तुटले होते. बाजार त्यांना पोसणार नव्हता. आकाशवाणीने त्यांना पगारी काम दिले, ठरलेली बिदागी दिली. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि जे गाणे राजवाड्याच्या दिवाणखान्यात मूठभर पाहुणे ऐकत ते शाळामास्तराला आणि रेल्वेच्या कारकुनाला फुकटात ऐकता येऊ लागले. कलावंतांच्या चाचण्या घेण्याचा जो प्रकार झाला त्यावरून मोठमोठे गवई रागावले, तो भाग निराळा. सुगम संगीताचे विभाग याच काळात निघाले, आणि मराठी भावगीताला त्यामुळे जे बळ मिळाले त्याचा हिशोब केसकरांच्या खात्यावर जमेच्या बाजूला मांडावाच लागेल. केवळ मागणी आहे तेवढेच द्यायचे असे सार्वजनिक संस्थेने ठरवले तर ग्रंथालयात रहस्यकथांपलीकडे काही उरणार नाही. जे अजून मागितले गेलेले नाही तेही लोकांपुढे ठेवणे हे सार्वजनिक संस्थेचे काम आहे, आणि या मुद्द्यावर केसकर आजच्या पुष्कळ लोकशाहीवाद्यांपेक्षा अधिक समाजवादी होते.

मग चुकले कोठे? त्यांनी वाढण्याबरोबर हिरावून घेण्याचेही काम केले, आणि हिरावताना गाणे पाहिले नाही, त्यावरचा शिक्का पाहिला. ज्या १९५२ साली हे सर्व चालले होते त्याच साली ‘बैजू बावरा’ प्रदर्शित झाला. नौशाद यांनी त्यातील गाणी रागांवर बांधली होती. उस्ताद अमीर खाँ आणि पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांची जुगलबंदी त्यात आहे. देशातील लक्षावधी माणसांनी ख्यालगायकीतील दोन थोर आवाज समोरासमोर ऐकले ते सिनेमाच्या चार-पाच आण्यांच्या बाकावर बसून. आदल्याच वर्षी ‘अमर भूपाळी’ने वसंत देसाई यांच्या संगीतातून होनाजी बाळाचे नाव नव्या पिढीच्या तोंडी आणले होते. ज्या कानासाठी मंत्रिमहोदय झुरत होते तो कान काही अंशी त्या निषिद्ध दालनातच घडत होता.

मराठी माणसाला याहून जवळचा दाखला आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात छप्पन गीते झाली. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचे. दोघेही चित्रपटव्यवसायात मुरलेले. ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटामागची लेखणी माडगूळकरांचीच. त्या चित्रपटाने पडद्यावर लावणीचा आणि तमाशाचा दरवाजा उघडला. म्हणजे ज्या हातांनी लिहिलेले गाणे चित्रपटात असेल तर आकाशवाणीला चालत नव्हते, त्याच हातांकडून आकाशवाणीने आपली सर्वात लाडकी मराठी मालिका लिहून घेतली. पुण्यातील सोवळ्या घरांतूनही त्या वेळी रेडिओपुढे उदबत्ती लागे. चित्रपटगीताने भ्रष्ट झालेली लेखणी ती हीच, याची आठवण कोणाला झाली नाही.

पेटीचे प्रकरण तर केसकरांच्याही आधीचे. १९४० साली नभोवाणीने हार्मोनियम वर्ज्य केली. तिच्या ठरावीक स्वरांत आपल्या रागांच्या सूक्ष्म श्रुती बसत नाहीत, ती विलायती, हे कारण. शास्त्र म्हणून आक्षेप खोटा नव्हता. रवींद्रनाथांसारख्यांनाही तो मान्य होता. १९७१ साली ही बंदी सैल झाली. मधल्या तीन दशकांत महाराष्ट्रातील प्रत्येक भजनी मंडळात, प्रत्येक कीर्तनात आणि नाटकाच्या प्रत्येक तालमीत पेटी वाजतच होती. विलायती म्हणून जिला दारात उभे केले ती गावातल्या देवळात केव्हाच विठोबाच्या पुढ्यात जाऊन बसली होती.

आता दुसरी अप्रिय गोष्ट. ‘गीतमाला’ हा जनतेचा कौल होता, असे जे म्हटले जाते ते भाबडे आहे. कार्यक्रम दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी होता. गाण्यांचा क्रम ठरे तो ध्वनिमुद्रिकांच्या खपावरून आणि पुढे श्रोतामंडळांच्या पसंतीवरून. तबकडी कोण विकत घेत होते? ज्याच्या घरी ग्रामोफोन होता तो. पसंतीचे पत्र कोण लिहीत होते? ज्याला अक्षर येत होते तो. १९५१ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि स्त्रियांची सुमारे ९ टक्के. पहाटे जात्यावर बसून ओवी गाणाऱ्या बाईला केसकरांनी काही विचारले नाही आणि कोलंबोनेही विचारले नाही. तिची आवड कोणत्याच पायरीवर चढली नाही. पुढे पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले; तिचे कष्ट वाचले हे फार चांगले झाले; पण गाण्याची ती जागा गेली ती गेलीच. ‘लोकप्रिय’ या शब्दातील ‘लोक’ म्हणजे ज्यांची मोजणी झाली ते. मोजणीच्या बाहेर किती राहिले हा प्रश्न मतदारयादी तपासणारा कार्यकर्ता नेमका विचारतो. गाण्याच्या बाबतीत मात्र तो विसरतो.

तथापि त्या पत्रांत दुसरे काही होते, आणि ते टाळून चालणार नाही. झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारातील, आज झारखंडात असलेले, अभ्रकाच्या खाणींचे छोटे गाव. फर्माइशीच्या पत्रांमुळे ते नाव देशभर इतके गाजले की असे गाव खरोखर आहे काय अशी शंका लोक घेऊ लागले. एवढी पत्रे का जात असतील? गाणे तर पत्र न पाठवताही ऐकू आले असते. पत्र जात होते ते आपले आणि आपल्या गावाचे नाव रेडिओवरून उच्चारले जावे म्हणून. दिल्लीच्या बातम्यांत ज्यांचे नाव मरेपर्यंत येणार नव्हते अशा माणसांना ते आठवड्यातून एकदा ऐकायला मिळे. लोक उथळ गाण्यांच्या मागे लागले, असे म्हणून ज्यांनी हा विषय संपवला त्यांना ही भूक दिसली नाही. एका व्यापारी कंपनीला ती दिसली. सभेत तासभर बोलून एकाही श्रोत्याचे नाव न घेणाऱ्या वक्त्याने यावर थोडा विचार करावा.

आज बुधवारची वाट पाहावी लागत नाही. गाणे किती जणांनी पाहिले याचा आकडा हातातल्या फोनवर क्षणाक्षणाला फिरतो. मोजणारा बदलला, मोजणीमागचा हेतू बदललेला नाही. त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

गरज आहे ती चळवळीने स्वतःचे घर पाहण्याची. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि ती उठवताना वग तपासण्याची व्यवस्था केली. तमाशा अश्लील म्हणून गणला गेला; पण तो सादर करणारे कोण होते, कोणत्या जातींचे होते, हे पाहिल्याशिवाय त्या शिक्क्याचा अर्थ लागत नाही. बैठकीतील ठुमरीचा शृंगार पुण्या-मुंबईच्या रसिकांना कधी अश्लील वाटला नाही. या काळात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गण-गवळण-वगाचा साचा उचलला हे धाडसच होते. वसंत बापटांसारखा कवी त्यात राबला; पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ याच वाटेने लोकांपुढे आले. निळू फुले आणि राम नगरकर हे नट याच मांडवात घडले. ज्या मध्यमवर्गीय घरांत तमाशाचे नाव घेणे निषिद्ध होते त्या घरांतील मुले-मुली लोकनाट्य म्हणून तेच पाहू लागली. त्या कलापथकाचे कौतुक चळवळीत नेहमी होते आणि ते रास्तच आहे. पण धुऊन-पुसून घेतलेला तमाशा मध्यमवर्गाच्या पसंतीस उतरला तेव्हा मूळ फडावरचे कलावंत, विशेषतः नाचणाऱ्या स्त्रिया, होत्या तेथेच राहिल्या, हे त्या कौतुकात बसत नाही.

आणि दादा कोंडके? नायगाव-लालबागच्या चाळींत वाढलेला हा माणूसही सेवा दलाच्याच कलापथकातून आला. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्यांना नाव दिले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून त्यांचे एकामागून एक चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. द्व्यर्थी विनोदामुळे सुशिक्षितांनी नाके मुरडली. त्यात चळवळीतले सुशिक्षितही होते. दादरच्या एका चित्रपटगृहाने हिंदी चित्रपटासाठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली तेव्हा कोंडके बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक रस्त्यावर उतरले आणि चित्रपट लागला. त्या दिवशी चित्रपटगृहाच्या दाराशी उभे राहणाऱ्यांनी विनोद सभ्य आहे की असभ्य हे विचारले नाही. गिरणगावातील प्रेक्षकाने ते लक्षात ठेवले. मुंबईतील कामगारवस्ती समाजवाद्यांच्या हातून निसटली त्याला फार मोठी आर्थिक आणि राजकीय कारणे आहेत, एका चित्रपटावर तो भार टाकणे हास्यास्पद होईल. पण आपल्या हसण्याची ज्याला लाज वाटते त्याच्या मागे माणूस फार काळ चालत नाही, हेही त्या कारणांत कोठेतरी आहे.

याचा अर्थ कोंडक्यांच्या विनोदावर आक्षेप घेऊच नये असा मुळीच नाही. येथे लोकाभिमुख मंडळी घोटाळा करतात. एक आक्षेप अभिरुचीचा असतो, दुसरा माणसाच्या प्रतिष्ठेचा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीस देऊ केले होते. डॉ. आंबेडकरांनी ते घेतले नाही. लावणीचे काव्य त्यांना गावंढळ वाटले म्हणून तो नकार नव्हता. ज्या समाजाच्या स्त्रियांना फडावर नाचवून तो पैसा उभा राहत होता त्याच समाजाच्या मुक्तीसाठी तो वापरणे त्यांना अशक्य होते. आज एखादी कार्यकर्ती शिबिरात उठून म्हणते की अमुक गाण्यात बाईला वस्तू केले आहे आणि ते मिरवणुकीत वाजू नये, तेव्हा तिला ‘अभिजन’ म्हणून गप्प करणारा कार्यकर्ता लोकांची बाजू घेत नसतो. त्या मिरवणुकीच्या कडेने जीव मुठीत धरून घरी जाणाऱ्या मुलीही लोकच आहेत. उलट ज्याला ते गाणे केवळ ‘चीप’ वाटते, आणि तोच आशय उर्दू गझलेत आला तर जो मान डोलावतो, त्याचा आक्षेप पहिल्या जातीचा आहे. तो त्याने आपल्याजवळच ठेवावा.

मिरवणुकीचा विषय निघालाच आहे तर गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा प्रश्न घ्यावा, कारण या हंगामात तो प्रत्येक शाखेपुढे येतो. आवाजाचा त्रास खरा आहे; आजारी माणूस, तान्हे मूल, रात्रपाळी करून आलेला कामगार यांना गाण्याच्या दर्जाशी कर्तव्य नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आहे. हे नियम कोणते गाणे वाजते हे विचारीत नाहीत, आणि हाच त्यांचा मोठेपणा आहे. परंतु तक्रारअर्ज वाचले तर त्यांत डेसिबलपेक्षा गाण्यांच्या नावांचाच संताप अधिक असतो, आणि ‘आपली परंपरा’ म्हणून ढोल-ताशा पथकांना सूट हवी असते. महाविद्यालयीन मुलामुलींच्या शे-दीडशे ढोलांचे पथक पेठेतून जाते तेव्हा कडेच्या घरातील खिडक्यांच्या काचा थरथरतात. तरी त्याला संस्कृती म्हणतात. झोपडवस्तीतील पोरांनी वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या भिंतीला उन्माद म्हणतात. मोजणीचे यंत्र एकापुढे धरायचे असेल तर दुसऱ्यापुढेही धरले पाहिजे, आणि आकडा जास्त निघेल त्याला थांबवले पाहिजे, मग तो नऊवारी आणि फेट्यात असो की रंगीत दिव्यांच्या झोतात.

असा ठराव एखाद्या शाखेने आपल्या प्रभागाच्या शांतता समितीत मांडून पाहावा. पेठेतील मंडळे रागावतील, वस्तीतील मंडळेही रागावतील, आणि वर्गणीची पावती फाडायला गेल्यावर दोन्ही ठिकाणी उभे करणार नाहीत. तरीही तो मांडला जावा, आणि मांडणाऱ्याने आधी दोन्ही मिरवणुकींत शेवटपर्यंत चालून यावे.